लिंकवाले पागनीस

सकाळी साडेसहाला माझ्या फोनवर एक निधनवार्ता आली.

"अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की 'कथेतले संवाद कसे लिहावेत' हे इंटरनेटवरील पान आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी उघडले असता उघडले नाही. गेल्या मंगळवारपर्यंत ठणठणीत होते. पात्रांच्या बोलण्याविषयी त्यावर फार चांगली माहिती होती. ईश्वर त्यास शांती देवो. — द. गो. पागनीस."

दहा मिनिटांत खाली चार जणांचे जोडलेले हात आले. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. ग्रुपमधल्या दंतवैद्यांनी मजकूर न वाचताच विचारलं, "अरेरे! वय काय होतं?" पागनीसांनी उत्तर दिलं, "सहा वर्षे." त्यावर आणखी तीन हात जोडले गेले आणि कुणीतरी लिहिलं, "इतक्या लहान वयात! घरच्यांना देव बळ देवो."

पागनीसांनी आभार मानले.

आमच्या या ग्रुपचं नाव 'लेखक मदत केंद्र, उज्जैन'. स्थापना, संचालन आणि सगळी मेहनत पागनीसांची. सभासद अकरा. त्यात कथा लिहिणारा मी एकटा. दंतवैद्य चारोळ्या करत. एक कोर्टासमोर बसणारे अर्जनवीस होते, ते स्वतःला लेखक म्हणवत आणि त्यात चूक काही नव्हती. बाकीचे मंडळाच्या गणपतीत पागनीसांनी नंबर मागितला तेव्हा नाही म्हणू न शकलेले. या अकरा जणांना पागनीस रोज सकाळी कथालेखनाला उपयोगी पडतील अशा तीन-चार लिंका पाठवत. इंटरनेटवर कुठे जुना मराठी शब्दकोश पानापानाने चढवलाय, कुठे शुद्धलेखन तपासून मिळतं, कथेची सुरुवात कशी करू नये, खलनायक माणसासारखा कसा वाटेल, कुठलं मासिक कथा मागवतंय. नुसतं पुढे ढकलणं नाही. प्रत्येक पान आधी शेवटपर्यंत स्वतः वाचायचं आणि खाली शेरा द्यायचा. "पाहिले. उपयुक्त." किंवा "पाहिले. बरे." फारच राग आला तर "पाहिले. वेळ गेला."

स्वतः पागनीसांनी आयुष्यात कथेची एक ओळ लिहिली नव्हती.

वय बहात्तर. टेलिफोन खात्यातून लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त. पूर्वज शिंद्यांच्या पागेवर कारकून म्हणून माळव्यात आले. पागा गेली, घोडे गेले, आडनाव तेवढं राहिलं आणि त्याच्याबरोबर एक मराठी, जी ऐकून मी पहिल्या महिन्यात दोनदा फसलो. मी साताऱ्याकडचा, बँकेच्या बदल्यांबरोबर फिरत इथे आलेला. पागनीस बोलायला लागले की मला वाटायचं, हिंदीने मराठीचा सदरा घातलाय. "मी तुम्हाला लिंक पाठवून राहिलो, तुम्ही उघडून नाही राहिले." "मला काल माहीत पडलं की तुम्ही कहाणी लिहिता." सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हिंदीतल्या 'कोई बात नहीं'चं त्यांनी केलेलं मराठी. कुणी माफी मागितली, उशिरा आलं, पायावर पाय दिला, की पागनीस हात हलवून म्हणत, "काही गोष्ट नाही." पहिल्यांदा मी त्यांना माझी कथा वाचायला दिली आणि परत घेताना कशी वाटली ते न विचारता नुसतं "तुमचा वेळ घेतला" म्हणालो. ते म्हणाले, "काही गोष्ट नाही." मी आठ दिवस तोंड पाडून हिंडलो.

शिकवण्याची हौस म्हणावी तर तीही नव्हती. कथा चांगली की वाईट यावर ते कधी बोलत नसत. त्यांची चिंता एकच, लिहिणाऱ्याचं काही अडता कामा नये. एकदा त्यांनी 'विषप्रयोगानंतर माणूस किती वेळात दगावतो : रहस्यकथाकारांसाठी' अशी लिंक टाकली. शेरा : "पाहिले. अत्यंत उपयुक्त." दंतवैद्यांना त्यांच्या पत्नीने त्याच दिवशी ग्रुप सोडायला लावला. दोन दिवसांनी ते परत आले, बहुधा चारोळ्या वाचायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

माझी एक कथा एका मासिकात छापून आली होती. तिचा नायक महाशिवरात्रीला रामघाटाच्या पायऱ्यांवर बसतो आणि शिप्रेत सांडलेलं चांदणं बघत प्रेयसीला आठवतो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. अंक आला त्या दुपारी पागनीसांचा बँकेत फोन.

"देवधरजी, महाशिवरात्रीला चांदणं कुठून आणलं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"अमावस्येच्या एक दिवस आधी! आणि उज्जैनमध्ये राहून! इथलं शेंबडं पोरही सांगेल." मग लगेच आवाज खाली आणून, "काही गोष्ट नाही. मी एक लिंक पाठवून राहिलो. तारीख टाकली की चंद्र कितीचा, कधी उगवला, सगळं येतं. पाहिली आहे मी. उपयुक्त आहे."

ती लिंक मी आजही वापरतो. त्या वेळी मात्र मी काउंटरवरच्या माणसाला विनाकारण दुसरा फॉर्म भरायला लावला.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या बाजूने फारसं शोभेसं नाही.

कुठल्याशा संस्थेच्या कथास्पर्धेची लिंक पागनीसांनी पाठवली. मी ती उघडली नाही. त्यांनी फोन केला. मी "बघतो" म्हणालो. मुदत संपायला पाच दिवस राहिले, चार राहिले, तीन राहिले, असे रोज फोन आले. शेवटच्या दिवशी ते बँकेत माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुम्ही पाठवा. मी इथे बसून राहिलो." मी वैतागून टेबलावरूनच कथा पाठवली. दोन महिन्यांनी त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

उज्जैनच्या मराठी मंडळाला सत्कारासाठी माणसं शोधावी लागतात. त्यांनी मला पकडलं. शाल, श्रीफळ, पन्नासेक श्रोते, त्यातले निम्मे नंतरच्या साबुदाणा खिचडीसाठी आलेले. पागनीस दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हातांनी मोबाइल धरून माझं भाषण टिपत होते. मी आईचे आभार मानले, शाळेतल्या बाईंचे मानले, पत्नीचे मानले, बँकेचेसुद्धा मानले. मग मला विनोद करायची लहर आली.

"लिहिणं आतून यावं लागतं," मी म्हणालो. "रोज सकाळी लिंका उघडून कुणी लेखक होत नाही. तसं असतं तर आज ही शाल आमच्या पागनीसकाकांच्या खांद्यावर असती!"

सभागृह हसलं. पन्नास माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. पागनीसही हसले. टाळ्या वाजवायला त्यांचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. मोबाइल काही खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर माझ्या भाषणाचा व्हिडिओ आला. खाली शेरा : "देवधरजींचे भाषण. पाहिले. बरे."

त्यानंतर लिंका बंद झाल्या. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अर्जनवीस 'शुभ सकाळ' टाकत राहिले. पहिल्या दोन सकाळी मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आठव्या दिवशी मात्र मी टावर चौकातून बालूशाही घेतली आणि तिथून चार पावलांवरच्या त्यांच्या घरी गेलो. रविवारची सकाळ होती.

दार काकूंनी उघडलं. "या," म्हणाल्या. "दुसऱ्या बायकोजवळ बसले आहेत."

दुसरी बायको म्हणजे कॉम्प्युटर. पागनीस बनियन-पायजम्यात त्याच्यासमोर होते. बाजूला जाड रजिस्टर, टेलिफोन खात्यात तक्रारी लिहायचे त्या पद्धतीने आखलेलं : लिंक, तपासल्याची तारीख, 'चालू' किंवा 'डेड', शेरा. मी चाचरत सुरुवात केली. "काका, त्या दिवशी मी जे बोललो…"

"काही गोष्ट नाही," ते म्हणाले. "आणि बरोबरच बोलले तुम्ही. ग्रुपवर कोणी उघडतच नाही तर फालतूमध्ये कशाला टाकायच्या? म्हणून मी आता सगळा वेळ ह्या जुन्या कामाला देऊन राहिलो. हे बघा."

पडद्यावर त्यांनी काही महिन्यांपूर्वी स्वतः उभी केलेली साइट होती. रंग भडक पिवळा, अक्षरं निळी. डोक्यावर नाव : 'कथा लिहायची आहे? इथे या.' आणि खाली त्यांच्या सगळ्या लिंका, नीट विषयवार लावलेल्या. आरंभ, पात्रं, संवाद, शुद्धलेखन. कथा कुठे पाठवावी, पाकिटात काय घालावं, उत्तर नाही आलं तर किती दिवस थांबावं. कुणाही लिहिणाऱ्याला घरबसल्या सगळं मिळेल इतकं व्यवस्थित. स्वतःचं नाव मात्र कुठेही नव्हतं.

"नाव का नाही टाकलं?"

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं, आणि चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

काकू बालूशाही बशीत मांडत होत्या. मान वर न करता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मुक्तासाठी आहे ते. नाव बघितलं तर ती उघडणार नाही, असं ह्यांना वाटतं."

मुक्ता त्यांची एकुलती मुलगी. नागपूरला असते, कुठल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं काकूंनी चार वाक्यांत सांगितलं. मुक्ता बारावीत असताना वहीत कथा लिहायची. एकदा तिने वडिलांना विचारलं, बाबा, कथा छापायला कुठे पाठवतात? पागनीसांनी वही मागून घेतली, वाचली. पहिलीच कथा एका टेलिफोनवाल्याची होती. तो गावभरच्या लाइनी दुरुस्त करतो आणि घरात कुणाशी बोलत नाही. पागनीसांनी वही उभी-आडवी फाडली. वर म्हणाले, पहले पढाई. मुलीने पढाई केली. इंजिनियर झाली, नागपूरला गेली, तिथेच लग्न केलं. भांडण असं कधी झालंच नाही. दिवाळीला फोन येतो, वाढदिवसाला येतो, तब्येत विचारते, ठेवते.

"बेचाळीस सेकंद," पागनीस दारातून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नव्हतं. "मागच्या दिवाळीचा फोन. खात्यात असताना लोक कम्प्लेंट करायचे, साहेब, आवाज येतो पण साफ नाही येत. आम्ही खांबावर चढून दोन्ही एंड तपासायचो." ते खुर्चीत बसले. "इथे फॉल्ट माझ्या एंडला होता. पोरगी विचारून राहिली होती, कुठे पाठवतात. मला माहीतच नव्हतं, देवधरजी. माहीत नाही असं बोलता नाही आलं, म्हणून फाडली."

"आता तिला सरळ फोन करून सांगा ना, की हे तुझ्यासाठी केलंय."

"आणि ती बोलली, आता काय उपयोग? मग?"

काकू आत गेल्या. पागनीसांनी बालूशाहीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला नाही. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण ती येते," ते म्हणाले. "हे दाखवायचं राहिलंच."

साइट कोणत्या गावातून कितीदा उघडली गेली ते सांगणारं एक पान त्यांनी काढलं. बहुतेक सगळीकडे उज्जैन होतं, म्हणजे ते स्वतः. अधेमधे, दहा-बारा दिवसांनी एकदा, नागपूर.

"नागपूरमध्ये मला ओळखणारं दुसरं कोणी नाही," ते म्हणाले. "कधी शोधताना सापडली असेल तिला. लिहीत असेल गुपचूप. बरं, तुम्ही जरा तुमच्या मोबाइलवर उघडा, अक्षरं बरोबर दिसतात का मला सांगा. लिंक मागेच पाठवली होती तुम्हाला एकट्याला."

पाठवली होती खरी. बँकेत कंटाळा आला की मी कधीमधी ती उघडून त्या पिवळ्या रंगाला हसतही असे. आता उघडली. "दिसतात," म्हणालो.

पागनीसांनी पडद्यावरचं पान ताजं केलं आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"अहो, ऐकलं का! बाहेर या! आली! आत्ता, ह्याच मिनिटाला आली!"

पडद्यावर नागपूरसमोर एक आकडा वाढला होता.

माझ्या हातातल्या फोनचं सिम नागपूरचं आहे. उज्जैनला बदली होण्याआधी दोन वर्षं मी तिथल्या शाखेत होतो, तेव्हा घेतलेलं. सगळ्यांकडे तोच नंबर आहे म्हणून कधी बदललं नाही. माझी बायको नेहमी चिडते की पार्सलवाल्यांची अॅपं तिला नागपूरचा पत्ता विचारतात. फोन उज्जैनमध्ये असला तरी इंटरनेटच्या लेखी मी अजून नागपुरातच आहे.

काकू पदराला हात पुसत आल्या, पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. पागनीस त्यांना बोटाने तो आकडा दाखवत होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि बालूशाहीचा तुकडा तोंडात घातला.

घरी येऊन खात्री करण्यासाठी मी ते पान तीनदा उघडलं. संध्याकाळी पागनीसांचा मेसेज : "आज अजून तीन वेळा!"

मग मी एक शहाणपणा केला. काकूंकडून मुक्ताचा नंबर घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत तिला फोन लावला. ओळख सांगितली.

"बाबा बरे आहेत ना?" तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"बरे आहेत. त्यांनी एक साइट केली आहे, ती तुम्ही बघावी असं मला वाटलं."

"कसली साइट?"

"कथा लिहिणाऱ्यांसाठी. कशी लिहावी, कुठे पाठवावी, सगळी माहिती."



"बाबांनी?" ती म्हणाली. मग हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "कुठे पाठवावी, तेसुद्धा?"

"हो."

"बरं आहे." तिच्या मागे कुणीतरी तिला मीटिंगला बोलवत होतं. "देवधरजी, खरं सांगू का, मला मराठी वाचून खूप वर्षं झाली. लिंक पाठवून ठेवा. वेळ मिळाला की बघीन."

मी पाठवली. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. त्या दिवशी मी मुद्दाम साइट उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वाटेत पागनीस भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. नागपूरहून तीन दिवसांत कुणी आलं नव्हतं. मी वळलो, पहिल्या गल्लीत शिरलो आणि भिंतीला टेकून ते पिवळं पान उघडलं.

तेव्हापासून मी ते रोज उघडतो. सकाळी एकदा, कधी दुपारीही. 'कथा कुठे पाठवावी' या भागावर जास्त वेळ थांबतो, कारण तिथे ती थांबते हे पागनीसांना फार आवडतं. लिंकाही त्यांनी ग्रुपवर पुन्हा सुरू केल्या. दंतवैद्य परत हात जोडायला लागले. मी दोन-तीन वेळा खरं सांगायचं ठरवून त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन आलो आहे. बक्षीस मिळालेला लेखक आहे मी, पण ते वाक्य मला अजून लिहून काढता आलेलं नाही.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं म्हणून साताऱ्याला गेलो. तिथल्या धांदलीत पाच दिवस ते पान उघडायचं माझ्या हातून राहून गेलं. परत आलो त्या सकाळी टावर चौकात पोह्यांच्या गाडीपाशी पागनीस उभे होते. दाढी वाढलेली.

"मुक्ताला बरं नव्हतं," ते म्हणाले. "पाच दिवस आली नाही. व्हायरल चालू आहे ना सगळीकडे. शेवटी मीच फोन लावला."

"तुम्ही लावलात?"

"हो ना. आजपर्यंत कधी लावला नव्हता. तीही घाबरली, बाबा काय झालं. मी विचारलं, बेटा, तब्येत कशी आहे? बोलली, एकदम ठीक आहे, मला काय झालंय?" पागनीसांनी पोह्यांवर शेव पसरून घेतली आणि चमचा तसाच हातात धरून ठेवला. "लपवते. आम्हाला काळजी नको म्हणून. चार-चारदा विचारलं, तरी बोलली मी ठीक आहे."

ते माझ्याकडे बघत होते. माझी प्लेट आली. मी ती डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने खिशातला फोन काढला.